सासूबाई गेल्या, मग पहाटे चारला जाग का येते?

"आता तर मोकळी झालीस, मग तोंड पाडून का बसतेस?" हे सुमनताईंना नणंदेनं ऐकवलं, जावेनं ऐकवलं, शेवटी नवऱ्यानंही. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) यावल तालुक्यातलं गाव, घरची केळी, वय 51. मुलगी नाशिकला दिलेली, मुलगा पुण्यात कंपनीत. सासूबाईंना लकवा मारला आणि सहा वर्षं त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांचं सगळं ताईंच्या हातून झालं. त्यांना जाऊन आठ महिने झाले, तेव्हा ताई माझ्याकडे जळगावला समुपदेशनासाठी आल्या. पहाटे चारला डोळा उघडतो, परत लागत नाही, दिवसभर कशात जीव रमत नाही, हीच तक्रार.

चारलाच का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तेव्हा त्यांची कूस बदलायची असायची." खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर दाब पडून पाठीला, कमरेला जखमा होतात. ताईंनी हा नेम कधी मोडला नाही. "शेवटपर्यंत अंगावर एक जखम नव्हती," हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. मग खाली बघत म्हणाल्या, "आता मले कोन्ही हाकच मारत नही, मॅडम."

सासूसाठी रडायची आपल्याकडे सोय नाही. आईसाठी रडता येतं, नवऱ्यासाठी येतं. सासू गेली की सून सुटली, असा हिशोब गावानंच मांडून ठेवलेला असतो. त्यामुळे ताईंचं दुःख त्यांना स्वतःलाच खोटं वाटत होतं. त्यात सासूबाईंचा स्वभाव काही फार गोड नव्हता, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण ज्या माणसाभोवती दिवस आणि रात्र बांधलेली होती ते गेलं, की दिवसाचा सांगाडाच निखळतो. माणूस आवडतं होतं की नव्हतं, याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

हाच प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वयात येतो. नोकरी सोडलेली बाळंतीण विचारते, 58 व्या वर्षी निवृत्त झालेली शिक्षिका विचारते: आता माझं काम काय? घरचे पटकन सांगतात, छंद लावून घे, मुलाकडे राहून ये. ताई पुण्याला पंधरा दिवस राहूनही आल्या होत्या. अकराव्या मजल्यावर, दिवसभर दार लोटलेलं. शेजारणीचं नाव कळायच्या आत परतल्या. छंदाचा सल्ला मला स्वतःला आळशी वाटतो. छंद बुडाला तर कुणाचं अडत नाही, आणि आपल्यावाचून कुणाचं अडत नाही हेच तर या बायकांचं दुखणं असतं.

पण आधी शरीर. या वयात पाळी जायच्या सुमारास झोप मोडते, अंगातून वाफा येतात, चिडचिड होते. ते सगळं मनावर ढकलून चालत नाही. ताईंना डॉक्टरांकडे पाठवून रक्त, थायरॉईड, साखर, बी-12 तपासून घेतलं. हिमोग्लोबिन 9.2 निघालं, बाईचं 12 च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जीव नकोसा वाटतो का, हेही मी स्पष्ट विचारलं. तसं नव्हतं. असतं तर गप्पा बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ. कुणाला असं वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं चाळिशीनंतरच्या काळाबद्दल म्हटलंय, की आपल्याजवळचं पुढच्यांच्या हाती देणं ही तेव्हाची गरज असते. ते घडलं नाही तर माणूस साचतो. आता ताईंजवळ देण्यासारखं काय होतं? सहा वर्षांची शुश्रूषा. गल्लीत एक म्हातारेबाबा लकव्यानं पडले होते, सून तरुण, घाबरलेली. ताई लगेच म्हणाल्या, मी त्यांचं सगळं बघते. इथे मी अडवलं. एक अंथरूण सुटलं म्हणून दुसऱ्याला बांधून घ्यायचं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी एक तास जायचं, कूस कशी बदलायची, घास कसा भरवायचा ते सुनेच्या हाताला शिकवायचं, आणि घरी यायचं. ताईंना हे कंजूषपणाचं वाटलं. दोन भेटी आमचा यावरच वाद झाला.

दुसरी गोष्ट बिबड्यांची, म्हणजे आपल्या खानदेशी ज्वारीच्या पापडांची. उन्हाळा लागला की आपल्याकडे बायका आज हिच्या, उद्या तिच्या अंगणात जमतात. दळलेल्या ज्वारीचा घाटा पहाटेच चुलीवर रटरटतो, ओल्या फडक्यावर थापून खाटेवर बिबडे घातले जातात, पोरं वाटीत गरम घाटा आणि वर तेल घेऊन बसतात. या फेरीतून ताई सहा वर्षं बाहेर पडल्या होत्या. घर सोडता यायचं नाही, मग बायकांनी बोलवणंच सोडलं. मी म्हटलं, बोलावण्याची वाट नका बघू, पहिला घाटा तुमच्या अंगणात शिजू द्या. त्यांना संकोच वाटला, जाऊबाईंनी नाकही मुरडलं. पण सात जणी आल्या. चारला येणारी जाग त्या दिवशी चूल पेटवायच्या कामी आली, हे ताईंनीच हसत सांगितलं.

आता त्या महिन्यातून एकदा येतात. जाग अजून येते, रोज नाही. मध्यंतरी ताईंच्या सुनेची बाळंतपणाची रजा संपत आली आणि मुलानं फोन केला, आई, आता इकडेच ये. ताईंनी कळवलं: महाशिवरात्रीपर्यंत राहीन, मग मला बिबड्यांना परत यायचंय, तोवर बाळाची सोय बघून ठेवा. मुलगा रागावला. नवराही म्हणाला, बिबडे काय विकत मिळत नाहीत? ताईंनी परतीचं तिकीट मात्र जायच्या आधीच काढून ठेवलंय.