ऑर्डर आल्या, पण गिऱ्हाईक नव्हतं

प्रश्न : ताई, मी आणि माझी मैत्रीण मिळून हाताने शिवलेल्या पिशव्यांचं ऑनलाइन दुकान चालवतो. गेल्या सेलच्या पहिल्याच रात्री ऑर्डरींचा पाऊस पडला. सगळ्या एकाच वस्तूच्या, आमच्याकडच्या सर्वांत स्वस्त की-चेनच्या. बहुतेकांचं पेमेंट फेल झालं, पन्नासेक ऑर्डरींचं पार पडलं. गर्दीमुळे साइटवर ताण आला असेल असं वाटून आम्ही झोपलो. दुसऱ्या दिवशी पेमेंट गेटवेवाल्यांनी, म्हणजे गिऱ्हाइकांचे ऑनलाइन पैसे आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीने, खातंच गोठवलं. ऐन सेलमध्ये तीन दिवस दुकान बंद राहिलं. आमच्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय? आणि आमचं चुकलं कुठे?

उत्तर : पत्र वाचून जीव हळहळला. ज्या तीन दिवसांसाठी महिनोन्‌महिने शिवलंत, नेमके तेच गेले. आधी एक सांगते : त्या रात्री तुमच्या दुकानातून कुणाला काहीही न्यायचं नव्हतं. चोराला हवं होतं ते तुमचं पेमेंटचं पान.

चोरीच्या कार्डांचे नंबर गठ्ठ्याने विकले जातात. त्यातली बरीच कार्डं बँकेने आधीच बंद केलेली असतात. जिवंत कोणती हे कळायला चोर एखादं छोटं दुकान गाठतो, स्वस्तातली वस्तू निवडतो आणि प्रोग्रॅम लावून एकामागून एक कार्ड घालून बघतो. पेमेंट झालं की कार्ड चालू. मग त्याच कार्डावर दुसरीकडे मोठी खरेदी. याला कार्ड टेस्टिंग म्हणतात. सेलचे दिवस यासाठी मुद्दाम निवडतात, कारण एरवी रात्री दोनला शंभर ऑर्डर आल्या तर तुम्ही दचकला असतात. सेलमध्ये मात्र आनंदच होतो.

सोळा वर्षं मी दुकानांच्या साइट सांभाळते आहे. एका सेलच्या रात्री दीड वाजता मालकांचा फोन आला, ‘ताई, तुफान चाललंय!’ मी यादी उघडली. नावं कीबोर्डवर बोटं आपटल्यासारखी. माल पोचवायचा पत्ता सगळ्यांचा एकच. दोन ऑर्डरींमध्ये चार सेकंदांचं अंतर, आणि वस्तू टोपलीत टाकल्यापासून कार्ड नंबर भरेपर्यंत जेमतेम दोन सेकंद. माणूस कार्ड शोधतो, नंबर वाचतो, एखादा आकडा चुकतो, खोडतो. इथे कुणी अडखळतच नव्हतं. मालकांना ते सांगताना मला फार जड गेलं.

असं दिसलं की सर्वांत आधी, पार पडलेल्या संशयास्पद ऑर्डरींचे पैसे स्वतःहून परत करा. नाहीतर काही आठवड्यांनी खरे कार्डधारक तक्रार करतात आणि बँक ते पैसे तुमच्याकडून परत घेते, आणि अशा प्रत्येक वसुलीचा, म्हणजे चार्जबॅकचा, दंडही तुमच्या माथी बसतो. लगेच गेटवेला स्वतः फोन करा. त्यांनी खातं गोठवायच्या आधी तुम्ही बोललात तर बहुधा वाट निघते. तुमचं चुकलं असेल तर इतकंच, की तो फोन राहिला. पण हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या सेलआधी पेमेंटच्या पायरीवर कॅप्चा, म्हणजे समोर माणूस आहे की प्रोग्रॅम हे ओळखणारी छोटी चाचणी, बसवून घ्या आणि कार्डधारकाला बँकेकडून पडताळणी लागेल अशी थ्री-डी सिक्युअरची सोय चालू करा. एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून, ठरावीक वेळात किती प्रयत्न चालतील याला मर्यादा घाला. ती एकटी पुरत नाही, कारण चोर पत्ते बदलत राहतो. आणि पेमेंट फेल झाल्यावर तुमची साइट ‘सीव्हीव्ही चुकला’, ‘कार्डाची मुदत संपली’ असं कारण सांगत असेल, तर ते बंद करा. त्या कारणावरूनच चोराला पुढचा प्रयत्न कसा करायचा ते कळतं. ‘पेमेंट होऊ शकलं नाही’ एवढं पुरे.

सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र फुकटची आहे. एरवीच्या दिवशी तुमच्याकडे शंभरातली किती पेमेंटं फेल होतात, हे आजच काढून कागदावर लिहा. सेलमध्ये ऑर्डरी दहापट झाल्या तरी हे प्रमाण साधारण तिथेच राहायला हवं. ते एकदम चढलं, तर ती गिऱ्हाइकांची गर्दी नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगितल्यावाचून राहवत नाही. सेल आला की साइटवर उलटी गिनती करणारं घड्याळ, चॅटची खिडकी, सवलतीचा पॉप-अप असं काय काय चढतं. यातली प्रत्येक वस्तू म्हणजे बाहेरच्या कुणाची तरी स्क्रिप्ट, पानासोबत चालणारा छोटा प्रोग्रॅम. ती पेमेंटच्या पानावर असेल, तर त्या पानावर टाइप होणारं सगळं ती वाचू शकते. २०१८ साली ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या साइटवरच्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये चोरांनी २२ ओळी घुसवल्या होत्या. २१ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर लोक तिकिटं काढत राहिले आणि कार्डांची माहिती परस्पर बाहेर जात राहिली. साइट नीट चालत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस या नियमावलीत आता पेमेंटच्या पानावर कोणती स्क्रिप्ट का आहे याची नोंद ठेवण्याचं कलम आहे, ३१ मार्च २०२५पासून लागू झालेलं. पेमेंट पूर्णपणे गेटवेच्या पानावर होत असेल, तर तुमच्यावरचा भार बराच हलका होतो. छोट्या दुकानाने तोच मार्ग धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. घड्याळ हवंच असेल तर पहिल्या पानावर लावा.

प्रश्न : सेल चालू असताना प्लगइनचं, म्हणजे साइटला जोडलेल्या एखाद्या जादा सोयीचं, अपडेट आलं तर करावं की थांबावं? शिवाय पॅकिंगला चार मुलं तात्पुरती घेतो, त्यांना लॉगिन द्यावं का?

उत्तर : सगळी अपडेट सेलच्या आठ-दहा दिवस आधी उरका आणि मग हात लावू नका. अपवाद एकच : ज्या भगदाडातून सध्या साइट फोडल्या जात आहेत, ते बुजवणारं अपडेट. ते त्याच रात्री, बॅकअप घेऊन.

मुलांना लॉगिन द्या, पण प्रत्येकाला वेगळं आणि फक्त ऑर्डरींची यादी दिसेल एवढंच. मालकाचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पॅकिंगच्या टेबलावर चिकटवलेला मी पाहिला आहे. २०१३च्या सुट्ट्यांच्या हंगामात अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीची सुमारे ४ कोटी कार्डं चोरीला गेली, तेव्हा चोर आत शिरले होते ते शीतयंत्रणेच्या कंत्राटदाराचं लॉगिन वापरून. सेल संपला त्या संध्याकाळीच, मुलांचा हिशेब चुकता करताना, त्यांची खातीही बंद करा.