उसाच्या बिलातून रिव्हॉल्व्हरला नवा रंग द्यावा का?

प्रश्न: पाटण तालुक्यात राहतो, वय ६१. वडिलांचं वेब्ली ॲन्ड स्कॉटचं .३२ रिव्हॉल्व्हर १९९६ पासून माझ्या परवान्यावर आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत सिलिंडरवर गंजाचे ठिपके आलेत, नळीचा निळसर काळा रंग उडालाय. उत्तरेकडच्या एका परवानाधारक कारागिराने ब्लूइंग (पोलादावर पुन्हा निळसर काळा थर चढवणं) आणि नवी मूठ मिळून ४१ हजार सांगितलेत. ओळखीचा दलाल म्हणतो, चकाचक केलं तर विकताना लाखभर जास्त येतील. अमेरिकेतला भाचा म्हणतो, कुरिअरने पाठवून द्या. उसाचं बिल २ लाख १० हजार जमा झालंय, सोसायटीचं पीककर्ज १ लाख ६० हजार भरायचंय. मुलगा पुण्याला नोकरीत आहे, त्याला या शस्त्रात रस दिसत नाही. खर्च करू का? घरी सगळे मला आबा म्हणतात, तुम्हीही म्हणा.

आबा, आधी सोसायटी. रिव्हॉल्व्हरचा विषय त्यानंतर काढू.

३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ते निदान ७ टक्क्यांवर जातं. १ लाख ६० हजारांवर वर्षाचे ११ हजार २०० रुपये होतात, आणि थकबाकीदारांच्या यादीत नाव लागलं तर पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं. कर्ज फेडलं की हातात ५० हजार उरतात. त्यातूनच खोडव्याला खत घालायचंय आणि घरही चालवायचंय.

तुम्ही ४१ हजार धरलेत, तो फक्त कारागिराचा आकडा. हत्यार द्यायला एक खेप, आणायला दुसरी. सोबत कुणाला तरी न्यावंच लागेल. रेल्वेचं भाडं, राहणं, खाणं धरून खेपेला १२ हजार लावले तरी बेरीज ६५ हजारांवर जाते. म्हणजे १५ हजार उसने काढून रंग द्यायचा. त्याआधी परवान्यावर हद्द काय लिहिली आहे ते पाहा. जिल्हा किंवा महाराष्ट्र एवढीच असेल तर हद्द वाढवून घेतल्याशिवाय हत्यार घेऊन राज्याबाहेर पाऊल टाकता येणार नाही, आणि त्यासाठी साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालावे लागतील ते वेगळेच.

भाच्याचा सल्ला त्याच्या देशापुरता ठीक आहे. तिकडे १९२७ च्या कायद्याने सामान्य माणसाला पिस्तूल, रिव्हॉल्व्हर टपालाने पाठवायला बंदी घातली, म्हणून खासगी वाहतूक कंपन्यांची वाट पडली. परवानाधारक कारागिराकडे हत्यार गेलं, तर काम झाल्यावर तो ते थेट मालकाच्या पत्त्यावर परत धाडू शकतो. आपल्याकडे तुमचा परवाना तुम्ही स्वतः हत्यार बाळगण्यापुरता आहे. पार्सल घेणाऱ्या पोराच्या हातात डबा दिलात, म्हणजे परवाना नसलेल्याच्या ताब्यात शस्त्र दिलंत. समोरच्याला ते बाळगायचा हक्क आहे की नाही याची खात्री न करता देणं हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमात गुन्हाच आहे. 'नुसतं सिलिंडर काढून पाठवतो' हीही पळवाट चालत नाही, कारण कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच धरले आहेत.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच म्हणून सांगतो: एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्याकडून चार-पाच हजारांत निकेल करून घ्यायच्या फंदात पडू नका. परवान्याचं वर सांगितलेलं कारण आहेच. शिवाय ॲसिड आणि प्लेटिंगच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, नंतर भाग नीट तापवून तो काढला नाही तर पोलाद ठिसूळ होतं. दारूचा दाब सोसणाऱ्या सिलिंडरच्या बाबतीत असला जुगार कोण खेळेल?

आता दलालाच्या लाखभराकडे येतो. पैशाचा खरा प्रश्न तिथेच आहे.

ब्लूइंग म्हणजे रंगाचा हात नव्हे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात पोलादाच्या पृष्ठभागावर काळ्या ऑक्साइडचा जेमतेम काही मायक्रॉनचा थर तयार करतात. तेल नसेल तर तो एकटा गंज रोखत नाही. तो खड्डेही भरत नाही. गंजाने पडलेले ठिपके घालवायचे तर आधी धातू घासावा लागतो, आणि मजुरी त्या घासण्याचीच असते. हात जड पडला की कडा गोल होतात, बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के पुसट होतात, नंबर झिजतो. हत्यारावरचा नंबर किंवा खूण पुसणं, बदलणं हा वेगळा गुन्हा आहे. पुढच्या तपासणीला नंबर वाचता आला नाही, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, दलाल तेव्हा फोन उचलणार नाही.

जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला आपल्याकडे भाव येतो तो चकाकीमुळे नव्हे. ऐंशीच्या दशकापासून खासगी आयात जवळपास बंद आहे, म्हणून माल कमी आणि भाव चढा. गिऱ्हाईक बघतं ते मेक, सिलिंडर घट्ट बसतं का, चाप आणि घोडा बरोबर चालतात का, नळी आतून साफ आहे का, आणि कागद. वेब्लीच्या नावाची .३२ रिव्हॉल्व्हरं आता उत्तर प्रदेशात संडीला इथेही बनतात. नवंकोरं हवं असणारा तिकडे वळेल. तुमच्याकडे येईल तो जुनं आणि मूळ रूपातलं शोधणारा, आणि त्याला नव्या पॉलिशपेक्षा जुना उडालेला रंग बरा वाटण्याचीच शक्यता जास्त. दलालाला लाखभराची इतकी खात्री असेल, तर तेवढा भाव कागदावर लिहून देणारा परवानाधारक ग्राहक त्याने आधी समोर आणावा.

तरी खर्च शून्य ठेवा असं मी म्हणत नाही. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या परवानाधारक विक्रेत्याला आधी फोन करा. त्याच्या परवान्यात दुरुस्ती येते का ते विचारा आणि हत्यार रिकामं करून स्वतः घेऊन जा. ठिपके वरवरचे आहेत की सिलिंडरच्या भोकांत आणि नळीत उतरलेत, एवढंच तपासून घ्या. ठेवून घेतलं तर नंबर लिहिलेली पावती हवी आणि तिची एक प्रत पाटणच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. तपासणी, साफसफाई, एखादी स्प्रिंग यात फार पैसे जात नाहीत. आत गंज उतरला असेल तर मात्र त्यातून एकही काडतूस उडवू नका, मग रंगाचा प्रश्नही निकालात निघतो.

आणि ते चामड्याच्या म्यानात ठेवत असाल, तर आजच बाहेर काढा. कोयनेच्या बाजूचा पाऊस, त्यात चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षारही धातूला खातात. ४१ हजारांचं नवं ब्लूइंगही तिथे टिकायचं नाही. तेलाचा हलका हात, कोरडी बंद कुलपाची पेटी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. खर्च काही शे रुपये.

मुलाला रस नाही हे तुम्ही ओझरतं लिहिलंत, मला मात्र तुमच्या पत्रातला तोच मुद्दा सगळ्यात महागाचा वाटतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाची सत्तरी झाली किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. तुमची २५ वर्षं २०२१ मध्येच भरली. मुलगा हो म्हणाला तर कागद आत्ताच करा. नाही म्हणाला, तर तुमच्या माघारी ते हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची धावपळ वहिनींच्या डोक्यावर येईल, आणि त्या घाईत भाव मिळत नाही. तुम्ही स्वतः विकलंत तर चार गिऱ्हाइकं पाहून विकाल. दुसऱ्या परवानाधारकाला विकण्याआधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. वापरातली वस्तू असल्याने भांडवली नफ्याचा कर साधारणपणे लागत नाही, अर्थात पॉलिशचा खर्चही कुठे वजा मिळत नाही.

गावच्या यात्रेला मुलगा आला की समोर बसवून विचारा. नाही म्हणाला, तर आहे त्या रंगात दोन विक्रेत्यांकडून भाव घ्या, आणि मग गिऱ्हाईक पक्कं करा. ते ठरलं की त्याच आठवड्यात त्याचं नाव-पत्ता लिहून पोलीस ठाण्यात अर्ज देऊन टाका, कारण ४५ दिवस तेव्हापासूनच मोजले जातील.