नोकरी सोडून मेकॅनिकलची डिग्री: सगळ्यात मोठा खर्च फी नाही

प्रश्न: वय 23. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून दोन वर्षं एका टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात) व्हीएमसी मशीनवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालून धातू कापणाऱ्या मशीनवर, काम करतोय. नोकरी सोडून पूर्णवेळ डिग्री करावी का? डिप्लोमामुळे एक वर्ष वाचतं, म्हणजे तीन वर्षं लागतील. फी वडील निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशातून भरायला तयार आहेत. डिग्रीनंतर दीडपट पगार मिळतो असं कॉलेजवाले सांगतात.

उत्तर: तुम्ही पाठवलेला हिशोबाचा कागद दोनदा वाचला. मेहनतीने मांडलाय, पण त्यात जेवणखाण धरलंय आणि तीन वर्षं बुडणारा पगार धरलेलाच नाही. नेमकं उलट हवं. जेवण तर नोकरीत असतानाही लागतंच, तो डिग्रीचा खर्च नव्हे.

इतर वाचकांनाही मांडणी वापरता यावी म्हणून तुमचा आजचा वार्षिक पगार 100 धरतो. तुमच्याच आकड्यांवरून फी वर्षाला 70 येते, तीन वर्षांची 210. नोकरीत राहिलात तर याच तीन वर्षांत पगार साधारण 100, 108, 116 असा वाढला असता, म्हणजे 324 बुडाले. एकूण खर्च 534. त्यात फी निम्मीसुद्धा नाही.

आता कमाई. दीडपट म्हणजे 150, पण ते आजच्या 100 च्या तुलनेत. डिग्री हातात येईल त्या वर्षी तुमचा सध्याचाच पगार 125 च्या आसपास गेला असता. खरा फरक 25 चा. दोन्ही वाटांवर पगार वर्षाला 6 टक्क्यांनी वाढला, तर 534 वसूल व्हायला नोकरीचं पंधरावं वर्ष उजाडतं. डिग्रीनंतरची वाढ 10 टक्के आणि डिप्लोमावरची 6 टक्के राहिली, तर नवव्या वर्षी वसुली होते. यात व्याज धरलेलं नाही. म्हणजे सुरुवातीच्या पगाराइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, पुढच्या वाढीवर सगळं अवलंबून आहे. ती कुठे अडते हे तुमच्याच कारखान्यात दिसेल. दहा वर्षांनी ज्या खुर्चीत बसायचंय, त्या खुर्चीतल्या चार-पाच जणांचं शिक्षण विचारा. सगळे डिग्रीवाले असतील तर डिप्लोमाची मर्यादा खरी आहे. डिप्लोमावरून वर आलेले दोघे जरी निघाले, तरी वरचा 6 आणि 10 चा फरक मी इतका मोठा धरणार नाही.

पगाराच्या स्लिपवर एक ओळ आहे, तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. 100 पैकी 22 ओव्हरटाइमचे आहेत. ऑर्डर कमी झाल्या की आधी तेच जातात. दुसरीकडे, इंजिनिअरच्या पदावर बऱ्याच ठिकाणी ओव्हरटाइम मिळतच नाही, तास मात्र तेवढेच भरतात. दोन्ही पगारांची तुलना तासांवर करून बघा.

कॉलेजने सांगितलेलं ‘दीडपट’ कोणाचं, हे लेखी मागा. सर्वाधिक पॅकेज नको, मेकॅनिकल शाखेचा मधला पगार हवा, म्हणजे अर्धी मुलं ज्याच्या वर आणि अर्धी ज्याच्या खाली असतात तो. शिवाय त्यातले किती जण मेकॅनिकलच्याच कामात गेले आणि किती सॉफ्टवेअरमध्ये, हेही. कोडिंगच्या नोकरीचा पगार मेकॅनिकलच्या डिग्रीच्या खात्यावर दाखवला जातो, तेव्हा मला मनापासून राग येतो. त्या आकड्यावर घरं कर्ज काढतात.

वडिलांच्या पैशाला हात लावू नका. ते आणखी किती वर्षं कमावणार आणि तो साठा पुन्हा कधी भरणार, याचं उत्तर तुमच्या कागदावर नाही. कर्ज काढायचंच असेल तर तुमच्या नावावर काढा, पण डोळे उघडे ठेवून. दर वर्षी 70 उचलले, 10 टक्के सरळव्याज धरलं आणि शिकताना काहीच भरलं नाही, तर डिग्री हातात येईपर्यंत 210 चे 252 झालेले असतात.

माझा कल असा: राजीनामा देऊ नका. नोकरी सांभाळून होणारी अर्धवेळ डिग्री शोधा. वर्ष जास्त लागेल, कामावरून येऊन थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवणं जीवावर येईल, पण पगार चालू राहतो आणि फक्त फी वसूल करायची उरते. वरचाच 6 आणि 10 टक्के वाढीचा हिशोब धरला तर 210 ची फी पाचेक वर्षांत निघते. मान्यता मात्र आधी तपासा. परदेशी जायचा विचार असेल तर तुमचा नेमका अभ्यासक्रम वॉशिंग्टन कराराखाली मान्य आहे का ते बघा. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना एकमेकांच्या देशात मान्यता देणारा हा करार 1989 चा आहे.

तोवर कॅम प्रोग्रॅमिंग (संगणकावर मशीनचा प्रोग्रॅम तयार करणं) आणि सीएमएमवर, म्हणजे तयार भागाची अचूक मापं घेणाऱ्या यंत्रावर, मापन शिकून घ्या. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम चालवणं आणि ड्रॉइंग वाचून तो स्वतः लिहिणं, या दोन कामांचा पगार सारखा नसतो. आणि हे शिकायला तीन वर्षं लागत नाहीत.

डिझाइनमध्येच जायचंय आणि अर्धवेळ सोय कुठेच नाही, असं झालं तर पूर्णवेळचा विचार करू. त्यासाठी कॉलेजचा मधला आकडा आणि ओव्हरटाइम वगळून केलेला हिशोब मला पाठवा.