प्रतिद्रव्याचा अणू ठेवायचा कशात?

प्रश्न : प्रतिद्रव्य साध्या द्रव्याला टेकताच दोन्ही नष्ट होतात, असे आम्ही वर्गात शिकवतो. मग जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनचे अणू ठेवतात तरी कशात, आणि ते इतके थंड का करावे लागतात?
– एक शिक्षिका, मुलुंड, मुंबई

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. या अणूचे घटक, म्हणजे प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचे प्रतिरूप) व पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे प्रतिरूप), विद्युतभारित असल्यामुळे निर्वात नळीत विद्युत व चुंबकीय क्षेत्रांच्या साहाय्याने त्यांना अधांतरी धरता येते. मात्र दोघे मिळून अणू झाला की तो उदासीन होतो आणि ही पकड सुटते. उरते ते केवळ अणूचे क्षीण चुंबकत्व. त्याच्या आधारे रचलेला चुंबकीय सापळा उथळ ताटलीसारखा असतो : अणूचे तापमान साधारण अर्ध्या केल्विनहून (म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अर्ध्या अंशाहून) अधिक असेल, तर तो काठावरून निसटून भिंतीवर आदळतो आणि संपतो. मुंबईतल्या आपल्या खोलीचे तापमान याच मापाने सुमारे 300 केल्विन भरते.

प्रतिप्रोटॉन जन्मतात ते इरिडियमच्या तुकड्यावर वेगवान प्रोटॉन आदळून. सर्नच्या ‘एलेना’ या कण मंदावणाऱ्या वलयात त्यांचा वेग उतरवल्यावरही उरलेली ऊर्जा तापमानाच्या भाषेत शंभर कोटी केल्विनहून जास्त असते. पुढचे थंडावणे पातळ पत्रा आणि थंड इलेक्ट्रॉनांचा ढग यांच्याकडून करून घेतात. पॉझिट्रॉन मात्र किरणोत्सारी सोडियम-22 पासून तुलनेने सहज मिळतात.

1995 साली बनलेले पहिले 9 अणू जवळजवळ प्रकाशवेगाने निघून गेले. अभ्यासाच्या दृष्टीने ते निरुपयोगीच होते. 2002 मध्ये थंड अणू बनले, पण टिकले नाहीत. 2010 मध्ये सर्नमधील ‘अल्फा’ या संशोधक गटाने 38 अणू सेकंदाच्या सहाव्या भागाइतका वेळ धरून ठेवले आणि पुढच्याच वर्षी ही मुदत 1000 सेकंदांवर नेली. विशेष म्हणजे अणू सापळ्यात होता हे कळते ते तो नष्ट होताना : क्षेत्र बंद करून त्याला भिंतीवर जाऊ देतात आणि बाहेर पडणाऱ्या पायॉन नावाच्या कणांच्या खुणा सिलिकॉन शोधकावर टिपतात.

2018 मध्ये लेसरने मोजलेली या अणूची एक वर्णरेषा (अणू ज्या ठरावीक वारंवारतेचा प्रकाश शोषतो ती) हायड्रोजनशी एक लाख कोटीत 2 भाग इतक्या अचूकतेने जुळली. 2023 च्या प्रयोगात हे अणू खालीच पडतात हे दिसले. त्वरण नेहमीच्या 0.75 पट आले, परंतु अनिश्चितता 0.2 च्या आसपास असल्याने त्यावरून फरक सिद्ध होत नाही. ती कमी करायची तर अणू आणखी थंड हवेत, आणि त्यासाठी 2021 मध्ये यशस्वी झालेले लेसर-शीतन (लेसरच्या साहाय्याने अणू थंड करणे) हाताशी आहे.