पिल्लू मलूल झाले आहे. एक दिवस थांबावे का?

प्रश्न : आमचे कुत्र्याचे पिल्लू नऊ आठवड्यांचे आहे. लसीचा पहिला डोस झाला आहे. कालपासून ते खेळत नाही, आज सकाळी त्याने खाण्याला तोंडही लावले नाही आणि दोनदा उलटी केली. घरातील मंडळी म्हणतात, एक दिवस वाट पाहू. काय करावे?

उत्तर : वाट पाहू नका. तुम्हाला हे फोनवर लगेच कळवलेच आहे. येथे इतर वाचकांसाठी सविस्तर लिहितो. पिल्ले दिवसातून अठरा-वीस तास झोपतात, त्यामुळे नुसत्या झोपेला घाबरण्याचे कारण नाही. मात्र उठल्यावर जे पिल्लू शेपूट हलवत धावत येते, तेच हाक मारल्यावर केवळ डोळे उघडून पुन्हा मान टाकत असेल, तर ती झोप नव्हे. मलूलपणा, अन्न नाकारणे आणि उलटी ही तीन लक्षणे एकत्र दिसली की त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा, कारण एवढ्याशा शरीरात पाण्याचा आणि साखरेचा साठा फारच थोडा असतो आणि तो काही तासांत संपू शकतो.

या वयात सर्वांत मोठी धास्ती पार्व्होची असते. सहा आठवडे ते सहा महिने या वयातील पिल्लांना हा विषाणू विशेष गाठतो. आधी मरगळ आणि उलट्या, मग अतिशय दुर्गंधीयुक्त, बहुधा रक्तमिश्रित जुलाब, असा त्याचा नेहमीचा क्रम असतो. लसीचा एकच डोस पुरेसा नसतो, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीचा परिणाम रोखू शकतात. म्हणूनच पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ठराविक अंतराने डोस द्यावे लागतात.

घरच्या घरी एक गोष्ट अवश्य पाहा. पिल्लाचा ओठ हलकेच वर करा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. ती बोटाने दाबून सोडली की पांढुरका ठसा उमटतो आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. हिरडी फिकट, निळसर किंवा हाताला चिकट लागत असेल, तर रात्र असली तरी निघा. (काही पिल्लांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.) नाक कोरडे आहे की ओले, यावरून काहीही ठरत नाही. गुदद्वारात थर्मामीटर ठेवून घेतलेले तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असते. ते 104 च्या वर किंवा 99 च्या खाली गेले, तर विलंब करू नये. धाप, झटके, फुगून टणक झालेले पोट किंवा उमाळे येऊनही काहीच बाहेर न पडणे, यांपैकी एकही लक्षण पुरेसे आहे.

माणसांची औषधे, विशेषतः पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन, मुळीच देऊ नयेत. जबरदस्तीने पाणीही पाजू नये, ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. उलटी किती वाजता झाली, शी कशी होती, काही चघळले होते का, हे कागदावर लिहून लसीकरणाच्या कार्डासोबत न्या, आणि निघण्यापूर्वी दवाखान्यात पार्व्होची शंका असल्याचे सांगा. पिल्लाला कापडात गुंडाळून कुशीतच धरा, तेथील जमिनीवर सोडू नका. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि तेथे लसीसाठी आलेली इतर पिल्लेही असतात.