हक्कसोडपत्रावर आईची सही घेण्याआधी

प्रश्न: वडील आठ महिन्यांपूर्वी गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. डोंबिवलीचा टूबीएचके फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, १९९७ साली घेतलेला. आजचा भाव साधारण ८४ लाख. सोसायटीत नॉमिनी मी आहे. सहकारी बँकेत ११ लाखांची ठेव आणि डिमॅट खात्यात ९ लाखांचे शेअर आहेत, दोन्हींना नॉमिनी नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत आई-बाबांच्या जोडनावाने ७ लाखांची ठेव आहे. आई ६७ वर्षांची, तिला बाबांच्या पीएफची थोडी पेन्शन मिळते. बहीण नाशिकला असते, तिला काही नको आहे. आजी ८९ वर्षांची, गावी काकांकडे असते. आत्या सांगलीला. चिपळूणजवळची जमीन अजून आजोबांच्याच नावावर आहे. आई आणि बहिणीने माझ्या नावे हक्कसोड करावी, मी फ्लॅट विकून वर ६० लाखांचं कर्ज काढून पुण्यात वाकडला थ्रीबीएचके घ्यावा आणि आईला कायमचं आमच्याकडे आणावं, असं ठरलं आहे. वकिलांचा मसुदा सोबत जोडला आहे. पुढच्या आठवड्यात नोंदणी करावी का?

उत्तर: नाही. पुढच्या आठवड्यात नको, आणि या मसुद्यावर तर मुळीच नको. आईला जवळ आणायचा तुमचा विचार मनापासून आहे हे पत्रातून कळतं. म्हणूनच थोडं स्पष्ट लिहितो.

मसुद्याच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे: ‘मयताच्या पश्चात पत्नी, एक मुलगा व एक मुलगी हेच कायदेशीर वारस असून त्यांच्याव्यतिरिक्त अन्य कोणीही वारस नाही.’ हे वाक्य खरं नाही. आजी आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस ठरतात आणि प्रत्येकाला सारखा हिस्सा मिळतो. वडील हयात असते तर ते दुसऱ्या वर्गात गेले असते, पण आई पहिल्याच वर्गात आहे. आजी कुठे राहते, तिचा खर्च कोण करतं, याचा इथे संबंध नाही. त्यामुळे बाबांच्या मिळकतीचे वाटे तीन नव्हेत, चार. ८४ लाखांच्या फ्लॅटमध्ये आईचे २१ लाख, तुमचे २१, बहिणीचे २१ आणि आजीचे २१.

आजी मागणार नाही, काका काही बोलणार नाहीत, असं तुम्हाला वाटत असेल आणि ते खरंही असेल. पण फ्लॅट विकायला काढलात की घेणाऱ्याच्या बँकेचा वकील वंशावळ मागतो, पेपरात जाहीर नोटीस देतो. तिथे खोटं प्रतिज्ञापत्र उघडं पडलं तर व्यवहार तर अडकेलच, शिवाय घरातली माणसं दुखावतील ती वेगळी.

यात वेळेचाही प्रश्न आहे. आजीचा हिस्सा तिच्या नावावर असताना आणि तिने मृत्युपत्र केलेलं नसताना तिचं काही बरंवाईट झालं, तर तिचे २१ लाख काका, आत्या आणि तुमच्या बाबांची शाखा अशा तिघांत वाटले जातील. काकांचे ७, आत्याचे ७ आणि तुम्हा भावंडांचे मिळून ७. तुमच्या आईला त्यातलं काहीच नाही. डोंबिवलीच्या फ्लॅटला मग दोन नवे भागीदार येतील. बाकी सगळ्या गोष्टींत मी तुम्हाला थांबायला सांगणार आहे, आजीकडे मात्र याच महिन्यात जा.

जाताना कागद घेऊन जाऊ नका. आधी तिला समजावून सांगा की मुलाच्या घरात तिचा हक्क आहे आणि तो साधारण एवढ्या किमतीचा आहे. काकांसमोर सांगा. तिला तो सोडायचा असेल तर तिने तुमच्या आईच्या नावे सोडावा, आणि ठेवायचा असेल तर तो तिचा आहे. तिच्या औषधपाण्यासाठी काही रक्कम बाजूला काढायची सगळ्यांची इच्छा असेल तर ती बँकेतल्या पैशांतून द्या, हक्कसोडपत्राचा मोबदला म्हणून लिहू नका. जवळच्या वारसांमधल्या, मोबदल्याशिवायच्या हक्कसोडीला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. मोबदला आला की तो दस्त विक्रीसारखा धरला जाऊ शकतो. सासूने सुनेच्या नावे केलेला दस्त नेमका कशात बसतो हे मात्र नोंदणीआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. प्रवास झेपत नसेल तर वैद्यकीय कारण दाखवून निबंधकांची गृहभेट मागता येते.

आता तुमच्या मूळ बेताकडे. कराच्या बाजूने त्यात मला फारसं वावगं दिसत नाही. आपल्याकडे मृत्युकर १९८५ मध्येच रद्द झाला, वारशाने मिळालेल्या मालमत्तेवर प्राप्तिकरही नाही. विकताना बाबांची खरेदी धरली जाते, आणि ती २००१ च्या आधीची असल्याने १ एप्रिल २००१ चं मूल्य आधाराला घेता येतं. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर नफ्यावर सूटही मिळते. तेव्हा मी कराच्या नावाखाली तुम्हाला अडवत नाही.

अडचण आईची आहे. आज तिच्याकडे राहतं घर आहे, त्यात तिचा कायदेशीर वाटा आहे आणि शेजारपाजार तीस वर्षांचा आहे. हक्कसोडीनंतर तिच्याकडे यातलं काहीही उरत नाही. उरतो तो तुमचा शब्द. तुम्ही तो पाळाल. पण तुमच्यावर ६० लाखांचं कर्ज असेल. नोकरी गेली, हप्ते थकले, तर बँक नव्या घरावर येईल आणि त्या घरात आई राहत असेल. उद्या तुमचंच काही झालं तर ते घर तुमची पत्नी, मुलं आणि आई यांच्यात वाटलं जाईल, म्हणजे आज जे तिचं आहे त्यातलाच एक तुकडा तिला परत मागावा लागेल. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, पण त्यासाठी तिला तुमच्याविरुद्ध अर्ज करावा लागतो. कुठली आई तो करेल?

शिवाय नोंदवलेली हक्कसोड मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. मृत्युपत्र हवं तितक्या वेळा बदलता येतं.

म्हणून माझा सल्ला उलट्या दिशेचा आहे. बहिणीला खरंच काही नको असेल तर तिनेही आईच्या नावे हक्कसोड करावी, तुमच्या नाही. तुम्हीही करावी असं मला वाटतं, पण तो निर्णय तुमचा. फ्लॅट आईच्या नावावर झाला की तिने मृत्युपत्र करावं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. दोन साक्षीदार असे निवडा ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. तुम्ही तिचा सांभाळ करणार आहात हे ती त्यात मोकळेपणाने लिहू शकेल आणि फ्लॅट तुम्हाला देऊ शकेल. तुमचं नुकसान होत नाही, तिचं घर तिच्याकडे राहतं.

आणि विकण्याआधी तिला एक पावसाळा, एक दिवाळी पुण्यात काढू द्या. डोंबिवलीचा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या, भाडं तिच्या खात्यात जाऊ द्या. वर्षानंतर तिलाच वाकडला राहावंसं वाटलं तर खुशाल विका. मात्र नव्या करारात तिचं नाव आणि तिचा हिस्सा टक्क्यांत लिहा, जितके पैसे तिचे तितके टक्के. तिच्या वाट्याच्या नफ्यावरची सूटही त्यामुळे तिला मिळेल. सहमालकाला सहकर्जदार करण्याचा आग्रह बँका धरतात आणि ६७ व्या वर्षी कर्जाची मुदत आखडते. तेव्हा हे आधी बँकेत बोलून घ्या, टोकन दिल्यावर नको.

सोसायटीतल्या नॉमिनीबद्दल तुम्ही थोडे निर्धास्त दिसता. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेतात, एवढंच. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं. तुमच्या एकट्याच्या सहीने हा फ्लॅट विकता येणार नाही.

रोख पैशांचं काम मात्र लगेच सुरू करा, आईला खर्चाला तेच लागणार आहेत. जोडनावाची ठेव ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशी असेल तर मृत्युदाखल्यावर आईच्या नावे होते. शेअरसाठी कोर्टात जाऊ नका. डिमॅटमधले १५ लाखांपर्यंतचे शेअर प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतर वारसांच्या ना-हरकतीवर वर्ग होतात. कोर्टाचा प्रश्न येतो तो सहकारी बँकेच्या ११ लाखांपुरता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार नॉमिनी नसलेल्या खात्यांना सोप्या कागदपत्रांवर पैसे देण्याची मर्यादा व्यापारी बँकांना १५ लाख आणि सहकारी बँकांना ५ लाख आहे. तुमची रक्कम वर जाते, म्हणून वारसा प्रमाणपत्रासारखा भक्कम कागद लागेल. वकिलांना सांगा, अर्जात फक्त ही ठेव घाला. कोर्ट फी रकमेवर असते, शेअर आणि जोडनावाची ठेव त्यात कोंबून फी वाढवू नका. अर्जात आजीसह चारही वारसांची नावं हवीत. कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेने उशीर केला तर व्याजासह भरपाई मागता येते, तेव्हा अर्जाच्या प्रतीवर पोच शिक्का घ्यायला विसरू नका.

एक संध्याकाळ बाबांचं पासबुक घेऊन बसा आणि गेल्या तीन वर्षांच्या नावे बाजूच्या, म्हणजे खात्यातून गेलेल्या पैशांच्या, नोंदी वाचा. मे-जूनमध्ये २० रुपये कापलेले दिसले तर तो अपघात विमा आहे. ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा ५५ वर्षांपर्यंतच चालतो, बाबा त्यापलीकडचे होते, पण तुमच्या स्वतःच्या खात्यात तो आहे का हे यानिमित्ताने बघून घ्या. लॉकरचं भाडं, एखादी विसरलेली एसआयपी, आरोग्य विम्याचा हप्ता हे सगळं तिथेच सापडतं. जुन्या, विसरलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधता येतात. बाबांचं एटीएम कार्ड अजून वापरात असेल तर आजच थांबवा आणि ते गेल्यानंतर काढलेल्या रकमेचा हिशेब बहिणीला पाठवून द्या.

बाबांचं पॅन मात्र इतक्यात रद्द करू नका. १ एप्रिलपासून ते गेले त्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारस म्हणून तुम्हाला भरायचं आहे, त्यासाठी आधी प्राप्तिकराच्या पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी लागते. त्यानंतरचं व्याज चौघा वारसांचं. विवरणपत्र, परतावा आणि सगळे दावे संपले की मग पॅन परत करा.

चिपळूणची जमीन या सगळ्यात मिसळू नका. ती आजोबांची, म्हणून तिचे वारस वेगळे: आजी, काका, आत्या आणि बाबांच्या वाट्याला त्यांचे चौघे वारस, म्हणजे तुम्ही तिघं आणि पुन्हा आजी. वारस नोंदीचा अर्ज आता ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. आजीला भेटायला जाल तेव्हा काकांना सोबत घेऊन तलाठ्याकडे जाऊन या आणि सातबाऱ्याचा ताजा उतारा काढून आणा.