मुलांसाठी लिहिलेली माझी पहिली कादंबरी तीन महिन्यांनी येतेय. प्रकाशनाआधी तिची प्रसिद्धी कशी करू?

प्रकाशकांनी ‘प्रसिद्धीचं तुम्हीच बघा’ असं सांगितलंय आणि स्वतःच्याच पुस्तकाबद्दल बोलायला तुम्हाला संकोच वाटतो, असं तुम्ही लिहिलंय. मीही मुलांसाठीच लिहिते. माझ्या तीन कुमार कादंबऱ्या आल्या आणि तिन्ही वेळा मी याच जागी उभी होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पोस्टर, रील, मुखपृष्ठ हे सगळं नंतर. आधी कादंबरीतलं एक प्रकरण निवडा आणि ते मुलांना वाचून दाखवा. तेही शेवटचं प्रूफ छापखान्यात जायच्या आत.

माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या वेळी मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवीच्या वर्गाला तिसरं प्रकरण वाचून दाखवलं होतं. नदीला पूर आलाय, रात्रीच्या पावसात एक मुलगा आणि त्याची आजी कोंबड्यांचं डालगं घेऊन टेकडीवरच्या देवळाकडे निघालेत, असं ते प्रकरण. देवळाचं दार ढकललं, तर आत आधीच कुणीतरी बसलेलं. तिथे मी वही मिटली. वर्ग गप्प. मग दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, पण म्हशीला कुणी सोडलं?”

पहिल्या पानावर गोठ्यात म्हैस मीच बांधली होती आणि पुढे तिला साफ विसरले होते. संपादकांनी वाचलं होतं, दोन मैत्रिणींनी वाचलं होतं, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या मुलीच्या घरी म्हशी होत्या. ती म्हणाली, ओलं दावं सुटत नाही, गाठ आणखी आवळते, विळ्यानं कापायलाच लागतं. मी घरी येऊन ते प्रकरण पुन्हा लिहिलं. अंधारात गुडघाभर पाण्यात उभी राहून विळ्यानं दावं कापणारी आजी हा आज त्या पुस्तकातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे.

आता यात प्रसिद्धी कुठे आली, असं तुम्हाला वाटेल. पाचवीच्या वर्गानं देवळात कोण होतं हे चौथीला विचारलं, चौथीनं घरी विचारलं. पुस्तक यायला दहा आठवडे होते आणि त्या गावात त्याची वाट बघणारी चाळीसेक मुलं होती. दोन महिने फेसबुकवर लिहून मला एवढं साधलं नव्हतं.

आपल्याकडे मुलांचं पुस्तक आधी कानानं पोचतं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, त्यातल्या प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावं आहेत. श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो आणि ऐकणारे दुसऱ्या रात्रीची वाट बघतात. पुढे काय, ही ओढ पुस्तकाच्या बांधणीतच आहे. तुमच्या कादंबरीत अशी जागा नक्की असेल. ती शोधा आणि बरोबर तिथेच थांबा. बारा ते पंधरा मिनिटं पुरे. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलात’ असं चुकूनही विचारू नका. पुस्तकाची किंमतही वर्गात सांगू नका. ज्या मुलाच्या घरी पुस्तकाला पैसे निघणार नाहीत, त्यालाही ती गोष्ट पूर्ण आपली वाटली पाहिजे. त्याच्यासाठी शाळेच्या वाचनालयाला एक प्रत द्यायचं कबूल करा आणि ती द्याच.

शाळांचं वेळापत्रक मात्र नीट बघा. मला ते उशिरा कळलं. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळा आपणहून लेखक शोधत असतात, पण त्याच सुमारास पहिल्या सत्राच्या परीक्षाही असतात, त्यामुळे मुलांचं चित्त थाऱ्यावर नसतं. १४ नोव्हेंबरचा बालदिन पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत जातो. जुलैचा दुसरा पंधरवडा आणि ऑगस्ट मला सगळ्यात चांगला वाटतो. पुस्तकं मिळालेली असतात, पाऊस असतो, मैदान बंद असतं आणि गोष्ट ऐकायला मुलं आतुर असतात. मुख्याध्यापकांना आधी फोन करा, मग पत्र द्या. मुलांचे फोटो काढायचे तर शाळेची आणि पालकांची परवानगी घ्या. मी मुलांच्या पाठीमागूनच काढते. कान टवकारलेली डोकी मागूनही छान दिसतात.

मासिकांचा विचार आत्ताच करा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतंय आणि ते गावोगावच्या शाळांत जातं. ‘साधना’ साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक असतो. एखादं स्वतंत्र वाचता येईल असं प्रकरण पाठवता येतं, मात्र अंकांची जुळणी फार आधी होते. दिवाळी अंकासाठी गणपतीत मजकूर पाठवला तर उशीरच होतो. आणि प्रकरण कुठेही देण्याआधी प्रकाशकांना विचारा, करारात त्याबद्दल काही लिहिलेलं असू शकतं.

वाचणार मूल असलं तरी पैसे देणार मोठी माणसं. आई, मावशी, वर्गशिक्षक, ग्रंथपाल. त्यांना तुमच्या कथानकात लगेच रस नसतो. कितव्या इयत्तेच्या मुलाला जमेल, पानं किती, टाइप मोठा आहे ना, चित्रं आहेत का, किंमत काय, एवढं त्यांना हवं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या मजकुरात हे पाच ओळींत लिहा, सोबत एका आतल्या पानाचा स्पष्ट फोटो जोडा. आपण मुखपृष्ठच पाठवत बसतो, पण आईला आतलं पान बघायचं असतं. चित्रकाराची कच्ची रेखाटनं दाखवायची असतील तर त्यांना विचारून आणि त्यांचं नाव घालूनच दाखवा.

प्रकाशनपूर्व सवलत जरूर ठेवा. मराठी वाचकाला ती पद्धत ओळखीची आहे आणि प्रकाशकांनाही किती प्रती छापायच्या याचा अंदाज येतो. फक्त पुस्तक हातात यायची तारीख स्वतःहून जाहीर करू नका. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी ती चूक केली. ६३ जणांनी पैसे भरले होते, मी तारीख सांगून मोकळी झाले आणि बांधणीचं काम पाच आठवडे रखडलं. एका आजोबांनी नातीच्या वाढदिवसासाठी प्रत घेतली होती. वाढदिवस गेला. त्यांनी फोनवर रागाचा एक शब्द काढला नाही, पण ते वाईट अजून मनात आहे. तेव्हापासून बांधलेले गठ्ठे डोळ्यांनी बघेपर्यंत मी ‘या महिन्यात’ एवढंच म्हणते.

त्याच उशिरातून एक गोष्ट हाती लागली. त्या ६३ घरांतल्या मुलांना मी पोस्टकार्डं लिहिली, कादंबरीतल्या मुलाच्या नावानं. ‘मी अजून वाटेत आहे, पाऊस फार आहे, पण येतोय.’ पत्ता घराचा, नाव मुलाचं. आजच्या किती मुलांना स्वतःच्या नावाचं टपाल येतं? कित्येकांनी उलट पत्र पाठवलं, एकानं तर वाटेत लागेल म्हणून छत्रीचं चित्र काढून. आता मी हे प्रत्येक पुस्तकाला ठरवून करते. कार्ड ५० पैशांना मिळतं, फक्त छोट्या पोस्टात आधी सांगून ठेवावं लागतं. प्रती पाठवायला १ मे २०२५पासून सुरू झालेली ज्ञान पोस्ट सेवाही विचारून बघा. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून दर आहेत. तुमचं पुस्तक त्यात बसतं का, हे पोस्टातच पक्कं करून घ्या.

संकोचाबद्दल तुम्ही लिहिलंय, ते मला मनापासून समजतं. ‘माझं पुस्तक घ्या’ हे मला अजूनही म्हणता येत नाही. ‘एक प्रकरण वाचून दाखवू का?’ हे मात्र सहज म्हणता येतं, कारण त्यात आपण काही मागत नसतो.

म्हशीच्या त्या शाळेत मी छापून आलेल्या पाच प्रती घेऊन गेले. ऋणनिर्देशात ‘पाचवीच्या वर्गाचे आभार’ असं छापलं होतं, ते बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. ती मुलगी मात्र तोवर तिसऱ्या प्रकरणावर पोचली होती. बोट ओळीवर ठेवून तिनं दावं कापल्याचं वाचलं, मान हलवली आणि पुस्तक घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली. देवळात कोण होतं, ते तिला अजून वाचायचं होतं.